काळ्या पट्ट्यांचं घर

पिपलानी, भोपाळ
९ डिसेंबर १९६३

चि. विश्वास,

तुला खूप आशीर्वाद. इथे सगळी बरी आहेत. मला खोकला आहे, पण तो थंडीचा. तिकडे विलायतेत थंडी फार असेल. कानाला गुंडाळतोस ना?

नव्या घराचा फोटो मिळाला. पांढऱ्या भिंतीवर लाकडाच्या काळ्या उभ्या-आडव्या पट्ट्या, एकदम उतरतं छप्पर, वर धुराडं. तुझ्या ताईने, रत्नप्रभाने, सगळ्या शेजारणींना दाखवला. जावई सुभाषराव म्हणाले, "बाबा, ह्याला ट्यूडर म्हणतात. इंग्रजांची जुनी पद्धत. शामला टेकडीवर तसा एक बंगला आहे, नवाबी काळातला." मी चौथीपर्यंत शिकलेला, नाव काही लक्षात राहीना. पण बंगला बघायचाच, असं मनाने घेतलं.

बसने एकटाच गेलो. लांबूनच ओळखला. फाटकाशी उभा होतो, तर आतून एक वयस्कर बाई आल्या. "किसका मकान ढूँढ रिये हो, बाबा?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मेरे लडके का."

"यहाँ तो कोई लड़का नहीं रहता."

मग फोटो दाखवला. त्या हसल्या, आत बसवून चहा दिला. भिंतीवरच्या पट्टीवर टिचकी मारून म्हणाल्या, "लकड़ी नहीं है ये. चूने पर रंग है." तेव्हापासून मला घोर लागलाय. तुझ्या पट्ट्या खऱ्या लाकडाच्या आहेत ना? असल्या तर वाळवी लागेल. नीट पाहून घे.

रत्नप्रभा माझं सगळं करते. सुभाषरावही वडिलांसारखं मानतात. पण लेकीच्या घरी किती दिवस जेवायचं? तुझी आई गेली तेव्हा ठरलं होतं, तू शिकून परत येईपर्यंतच. कोणी विचारलं की मी अजून तेच सांगतो.

शेजारचे गोपीनाथ फोटो बघून म्हणाले, "घर घेतलं म्हणजे आता कसला येतोय तो!" रत्नप्रभा त्यांच्यावर केवढी चिडली. मी चष्मा पुसत बसलो.

घर छान आहे. तुझ्या कष्टाचं आहे. एक विचारू? रागावू नकोस. तिकडे भाड्याने घर मिळत नाही का रे?

उत्तर माझ्याच नावाने टाक. एरवी तुझं बारीक अक्षर मला लागत नाही म्हणून रत्नप्रभा वाचून दाखवते, पण हे मी अक्षर लावून माझं मीच वाचीन.

तूर्त लेकीकडेच असलेले,
तुझे बाबा