लाल चिठ्ठीचे तीस दिवस

ती. फुमिएताईंना कुनिहारूचा वाकून नमस्कार.

ताकायामात यंदा बर्फ लवकर पडलं म्हणतात. तुमचा गुडघा कसा आहे? लोणच्याचं पिंप स्वतः उचलू नका. घरात सध्या आणखी एक माणूस आहे, त्याला सांगा. (ते माणूस माझंच आहे, पण त्यावर नंतर येतो.) मी इकडे ठणठणीत.

ताई, माझी अडतीस वर्षं गाड्यांच्या कारखान्यात वाया जाणारा सेकंदन् सेकंद वेचण्यात गेली. निवृत्त झालो आणि बायकोच्या, म्हणजे आपल्या सायोकोच्या, खानावळीत शिरलो. खानावळ आठ खुर्च्यांची, पण बाईसाहेब नुसत्या फ्रिज आणि शेगडीच्या दरम्यान दिवसाला चार हजार पावलं चालायच्या! मी फ्रिज सरकवला, भांड्याभांड्याची जागा पिवळ्या पट्टीने आखली, मासळीचं ताट अकरा मिनिटांवरून सहावर आणलं. "बरं झालं हो, पाय फार दुखायचे," ती म्हणाली. तेवढ्यावर मी जो हरभऱ्याच्या झाडावर चढलो तो उतरलोच नाही. तिने उभं कुठे राहायचं तेही जमिनीवर आखलं. (माप बरोबर होतं हो, तिची चप्पल ठेवून काढलं होतं.)

मग कारखान्यातल्यासारख्या लाल चिठ्ठ्या आणल्या. बिनकामाच्या वस्तूला एक लावायची. तीस दिवसांत 'मला हवी' म्हणून चिठ्ठीवर कुणी नाव लिहिलं नाही, तर वस्तू भंगारात. मी सायोकोच्या स्टुलाला लावली. त्यावर बसून ती रोज जेवायला येणाऱ्या मिझुनो आजोबांची एकच गोष्ट रोज ऐकायची, त्यांची बायको मासा कसा करपवायची ती. दिवसाची सव्वीस मिनिटं! स्टूल गेलं. आजोबा आले, इकडेतिकडे पाहिलं, सहा मिनिटांत जेवले, ते परत फिरकलेच नाहीत. "स्टूल हवं होतं हो," सायोको म्हणाली. "मग तू नाव का नाही लिहिलंस?" मी उलट तिलाच विचारलं. "तुम्हाला लिहावंसं वाटतं का, ते बघत होते," म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी, "अहो, पाठ करा जरा, एप्रनची गाठ सुटलीय," म्हणाली, गाठ मारली आणि तुमच्याकडे निघून आली. माझ्या पाठीला लाल चिठ्ठी आहे, हे दुपारी मासळीवाल्याने सांगितलं.

आता सगळं वेळेआधी आटपतं. चार मिनिटांत भांडी होतात आणि मी बसून राहतो. एवढा वाचवलेला वेळ, ताई, त्याचं करू काय? तिची फार आठवण येते.

प्रकृतीला जपा.

तुमचा,
कुनिहारू

ता. क. ती चिठ्ठी सोबत पाठवतोय. नावाची जागा कोरी आहे. तिच्यासमोर नुसती ठेवा, बोलू काही नका. आज सत्ताविसावा दिवस.

आणखी एक ता. क. तिने नाही लिहिलं, तर ओरडू नका तिला. मुदत वाढवून मिळते. (कारखान्यात मिळत नसे. हा नियम मी आज सकाळी केला.)