जुनं जमा, नवं घ्या

दि. ३ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरतंय हे वाचून बरं वाटलं आणि वाईटही. बरं अशासाठी, की प्रुफं तपासणाऱ्या बाईला डोळे हवेतच. वाईट अशासाठी, की तू तिथे एकटी आणि मी इथे.

इकडे सत्तांतर झालं आहे. तेल महागलं, गॅस महागला, घरभाडं वाढलं. एकट्या पेन्शनने तेवढा संयम राखला आहे. तेव्हा तुझ्या भावोजींनी जाहीर केलं की यापुढे घराचा कारभार ते बघणार. कारखान्याचं स्टोअर जन्मभर सांभाळलेला माणूस. त्यांच्या मते घर म्हणजे एक लहानसं स्टोअर, फक्त शिस्त नसलेलं. सगळं सामान कपाटात गेलं आणि कपाटाला कुलूप लागलं. नियम तिकडचाच: जुनं जमा केल्याशिवाय नवं मिळणार नाही. साबण हवा तर उरलेला तुकडा दाखवायचा. परवा मी टूथपेस्टची रिकामी ट्यूब नेऊन दिली, तर त्यांनी ती कात्रीने उभी चिरली आणि आत माल शिल्लक आहे म्हणून परत केली. खोटं कशाला बोलू, होता. चहाची पूड मागताना मी टोमणा म्हणून गाळलेला चोथा नेला. त्यांनी तो शांतपणे कुंडीत घातला आणि पूड मोजून दिली.

शिवाय जेवताना जुन्या गोष्टी चालू असतातच. कामगार नोकरी सोडताना हत्यारं कशी जमा करायचा, यांची सही झाली की मग त्याला साक्षात मालकही कसा अडवू शकत नसे, वगैरे. मला सगळं तोंडपाठ आहे.

तू काळजी करू नकोस. ऑपरेशनला मी येणारच. नुसतं बसचं तिकीट मंजूर व्हायचं आहे.

लोभ आहेच, त्याला अजून कुलूप लागलेलं नाही.
तुझी ताई


दि. ११ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ऑपरेशनची तारीख अठ्ठावीस मिळाली. सोबत कोण, असं दवाखान्यातल्या कारकुनाने विचारलं. मी बहीण म्हणून सांगितलं, त्याने लिहून घेतलं. सोबत माणूस नसेल तर दाखल करून घेत नाहीत आणि पुढची तारीख थेट पावसाळ्यानंतरची. तोवर छापखान्याचे मालक थांबणार नाहीत. परवा माझ्या नजरेतून एक अख्खी ओळ निसटली. त्यांनी नुसता चष्मा काढून पुसला. त्यांचा स्वतःचा.

शेजारीण यायला तयार आहे, पण ती बोलते. डोळ्यावर पट्टी असली तरी कान उघडेच राहतात गं.

महागाई इथेही आहे. मी वर्तमानपत्र बंद केलं, छापखान्यात फुकट वाचते. भाजीवाल्याकडे आधी भावाची पाटी बघते आणि मग भाजी कुठली ते. एका डोळ्याने भाव अर्धाच दिसतो, हा सध्या एवढाच फायदा.

ताई, मला भीती वाटते. हे मस्करीत लिहिलेलं नाही. तू ये.

भावोजींना नमस्कार. त्यांना कळव की ही मेहुणी डोळासुद्धा नवा मागत नाही, जुनाच साफ करून मागते आहे.

लोभ होता तेवढाच राहू दे, म्हणजे पुष्कळ झाला.
तुझी,
चिमणी


दि. २० मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ. वि. वि.

तिकीट नामंजूर झालं. बसचं भाडं दीडपट झालं आहे आणि मी गेले तर दोन्हीकडे खर्च वाढणार, असं कारण मिळालं. शेजारीण आहे ना, असंही म्हणाले. मला इतका राग आला की मी भांडलेच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरातलं एकेक हत्यार नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवलं. झाडू, किसणी, दोन सुऱ्या, चिमटा, कालथा, सुईदोऱ्याचा डबा. म्हटलं, जमा करून घ्या. माणूस नियमाचा. त्यांनी पेन उघडलं, प्रत्येक नग उलटसुलट करून लिहून घेतला. कालथ्यापाशी जरा थांबले. तो एका बाजूने झिजून पार तिरका झाला आहे, कड बोटाला लागते. खाली सही केली.

मग मी विचारलं, की हत्यारं जमा झालेल्या कामगाराला अडवता येतं का. ते छताकडे बघत नाही म्हणाले. त्याला घरी जायचं भाडं कोण देतं, असं विचारल्यावर म्हणाले, कारखाना.

कारखान्याने भाडं दिलं. फक्त जाण्याचं. परतीचं त्यांनी दिलं नाही आणि मी मागितलं नाही.

सव्वीसला संध्याकाळी पोचते. घाबरू नकोस, कारकुनाने लिहिलेलं खोटं ठरणार नाही.

बाकी लोभ समक्ष.
तुझी ताई


दि. २ एप्रिल

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या डोळ्यावर पट्टी असल्यास हे पत्र ताईकडून वाचून घेऊ नये. शेजारणीला सांगावे.

माणूस एक कमी झाल्याने घरखर्च निम्म्यावर येईल असा माझा अंदाज होता. तो वाढला आहे. स्वस्त पडते म्हणून भाजी महिन्याची एकदम घेतली. ती महिनाभर थांबायला तयार नाही. दुधाचे भांडे जळाले. ते रीतसर जमा केले, परंतु नवे मागणारा आणि देणारा दोन्ही मीच असल्याने निर्णयास विलंब होत आहे.

मुख्य गोष्ट निराळी आहे. कारखान्यात कुणाच्या हातात बोथट छिन्नी दिसली तर त्याने मागण्याची मी कधी वाट पाहिली नाही. स्वतः जाऊन बदलून देत असे. घरात लग्नापासून रोज समोर ताट आले आणि कालथा कधी पाहिला नाही. तुझे ऑपरेशन असतानाही मी भाड्याचा हिशेब केला. दोन्हीची मला लाज वाटते. नवा कालथा आणला आहे.

हत्यारे जमा झालेल्या माणसाला परत बोलावण्याचा अधिकार स्टोअरकीपरला नसतो. म्हणून ती कधी येणार, हे मी विचारू शकत नाही. तू सहज विचारल्यासारखे करून कळवावेस. परतीचे भाडे वेगळे पाठवले आहे. ते वापरायचे की नाही, हे तिने ठरवावे.

तुझ्या डोळ्यास आराम पडो. लोभाची मागणी करीत नाही. शिल्लक असल्यास द्यावा.
तुझे भावोजी


दि. ७ एप्रिल

माजी स्टोअरकीपर यांस,
कृ. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शेजारणीने वाचून दाखवलं, त्यामुळे आता ते सगळ्या गल्लीला पाठ आहे.

चिमणीची पट्टी सुटली. तिने पहिल्यांदा माझ्याकडेच पाहिलं आणि मी म्हातारी दिसते म्हणाली. डॉक्टर म्हणाले, म्हणजे ऑपरेशन उत्तम झालं. सोमवारपासून छापखान्यात जाईल.

मी रविवारी सकाळच्या बसने येते. कपाटाची किल्ली खिळ्याला टांगलेली असावी. काटकसर करू, करावीच लागणार, पण दोघांनी बसून ठरवायची. वर्षातून एकदा मी चिमणीकडे येणार, त्याला कात्री लावायची नाही. ट्यूब चिरायचं काम तुमच्याकडेच ठेवा, मला ते तुमच्याइतकं जमत नाही.

नव्या कालथ्याची किंमत तुम्ही लिहिली नाहीत. म्हणजे भाव न करताच घेतलात. ते ऐकताना मला रडू आलं, आणि तेही आता गल्लीला माहीत आहे.

जुनं जमा करून नवं घ्यायचा नियम नवऱ्याला लागू आहे का, असं चिमणी विचारते आहे. मी नाही म्हणून सांगितलं. म्हटलं, झिजलाय खरा, पण हाताला बसलाय.

लोभ असावा, आणि तो मोजून देऊ नये.
तुमचीच