चुलीपासनं दिसणारा बंगला

तलवाडा, २८ ऑक्टोबर

चौकात बबनरावच्या नव्या बंगल्याचं चित्र लागलंय, अन् त्यात बंगल्याम्होरलं आमचं घरच न्हाई! माझ्या दाराच्या, अंगणाच्या जागी हिरवळ अन् बाकडी. खाली तुझ्या सायबाच्या, घरांची चित्रं काढणाऱ्या हापिसाचं नाव. चि. दीपमाला, आशीर्वाद घे, पण आधी सांग, घर कावून पुसलंस?

दिवाळीत माझ्या चुलीपाशी बसून खिडकीतून बंगल्याचे फोटो घेत होतीस. मी म्हणलं, शिकती हाय, घेऊ दे. बंगला हाय बुटकाच, चित्रात मातर अंगावर येतो. शहादेव वाणी तर चप्पल काढून बघत होता, मुडदा. कालपास्नं बायका आमच्या अंगणातून आडव्या जातात, जणू भिंत पडलीच हाय.

फोन लावू नको, शेजारी कान लावून असतात. लोभ हायच, राग जास्त हाय.
तुझी आजी, मंजुळाबाई

संभाजीनगर, ३ नोव्हेंबर

ती. आजीस सा. न. वि. वि.

चित्र काढताना आधी बघणाऱ्याच्या डोळ्याची जागा ठरवावी लागते. डोळा जमिनीलगत ठेवला की भिंती आभाळाला भिडतात. मोठ्या माणसाचं घर खालूनच दाखवायचं, असं सर म्हणाले. मी फक्त मध्ये येणारं पुसलं, तेही कागदावर.

बबनरावांना ते फार आवडलंय. लोकांनी कुठं उभं राहून बंगला बघायचा, ती जागा दाखवायला सतरा तारखेला त्यांनी मला बोलावलंय. त्यानंतर नोकरी पक्की, असा सरांचा शब्द आहे. तू चार दिवस चकलांब्याला आत्याकडे जा ना. रागातली माया कमी करू नकोस.
तुझी दीपमाला

तलवाडा, १० नोव्हेंबर

चि. दीपमालास आशीर्वाद.

बबनराव आलते. पाया पडले, चहा पिले. म्हणले, आजी, बंगला खरा दिसतो तो तुमच्या चुलीपासनंच, तुमच्या नातीनंच दाखवलं. जाताना जेसीबी उभा करून गेले, भिंतीकडं तोंड करून. डायवर म्हणतो, मॅडम जागा दाखवस्तोवर हात लावायचा हुकूम न्हाई. लई इमानदार!

मी चकलांब्याला जाणार न्हाई. सतरा तारखेला चूल पेटवून तिथंच बसलेली असंन. तू पुसलेल्या जागेत कोण राहतंय, ते बबनरावला सांग. सायबाला मधी घालू नको, कागद धाडू नको. जबाब तूच द्यायचा, माझ्या दारात उभी राहून.
मंजुळाबाई