साहेबांच्या राहण्याखाण्याचे दर

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे ठीक आहोत. गुडघा काय म्हणतो ते कळवावं. ताईच्या घरी तिसऱ्या मजल्यावर तुम्ही दिवसभर खिडकीपाशी बसून असता आणि जिन्याचं नाव काढलं की डोळे मिटून घेता, असं तिने फोनवर सांगितलं. भूक लागते ना? झोप? औषधं वेळेवर घ्यावीत, निदान ताई बघत असेल तेव्हा तरी.

तुमचा निरोप मिळाला. घोडा विकून टाक आणि कुणाला विकलास ते मला सांगू नकोस, एवढाच. त्यात माझी खुशालीसुद्धा विचारलेली नाही, पण ते असो. माझी हरकत नाही. हरकत कसली, मी सुटलो. बागेच्या फाटकापाशी वीस वर्षं तुम्ही शहरभराची पोरं या घोड्याच्या, तुमच्या लाडक्या साहेबांच्या, पाठीवर बसवून फोटो काढलेत, त्यात माझा काय संबंध होता? ताई तुम्हाला न्यायला आली, सामान गाडीत चढवताना तुम्ही 'जरा धर रे' म्हणून दोर माझ्या हातात दिलात, तो अजून माझ्याच हातात आहे. तेव्हा विकण्याआधी माझे काय हाल झाले ते तरी ऐकून घ्या.

मी लॉज चालवतो. राहण्याखाण्याच्या दरात मला कुणी शिकवावं असं काही उरलेलं नाही, असा माझा समज होता. गरम पाण्याची बादली वेगळी, दुसरी उशी वेगळी, रात्री उशिरा दार उघडायचं तर तेही वेगळं, हे सगळं मी स्वतःच्या डोक्याने काढलेलं आहे. पण तबेलेवाल्या बाई भेटल्या आणि शेरास सव्वाशेर म्हणजे काय ते कळलं. (आकड्यांनी तुमचं डोकं उठवत नाही. खोली नंबर चारचं महिन्याचं भाडं हे माप धरतो. तळमजल्यावरची, मागच्या बाजूला खिडकी असलेली, तुम्ही पाहिलेली आहे.)

पहिला प्रकार 'पूर्ण सोय'. दर अडीच खोल्या. जागा, चारा, दाणा, खरारा, फिरवणं, सगळं त्यात आलं असं बाई म्हणाल्या आणि मी मान डोलावली. महिनाअखेरीस बिल आलं तेव्हा समजलं की 'सगळं' यात नाल येत नाहीत, दात कानशीने घासणं येत नाही, आणि झूल पांघरायचा दर एक व काढायचा दुसरा. मी रागावलो नाही, मामा. मी खुर्चीत मागे टेकून ते बिल कौतुकाने बघत बसलो. इतकी वर्षं मी गिऱ्हाइकाला पांघरूण देण्याचे पैसे घेतोय, परत घेण्याचेही घ्यावेत हे मला कधी सुचलं नव्हतं. (आता घेतो.)

मग बाईंनीच दुसरा प्रकार सुचवला, 'अर्धी सोय'. दर एक खोली, बाकीचं साहेबांनी कमावायचं. म्हणजे तबेल्यात घोडेस्वारी शिकायला पोरं येतात, त्यांना पाठीवर घेऊन रिंगणात फिरायचं. मला वाटलं, साहेबांचा जन्म पोरं पाठीवर घेण्यात गेला, हे त्यांच्या डाव्या खुराचं काम. पण तिथेच घोडं अडलं, आणि अगदी खरोखरचं अडलं. पोर पाठीवर बसलं की आईबाप फोन वर करणार. फोन वर झाला की साहेब जागच्या जागी थांबणार, मान डावीकडे, उजवा पाय किंचित पुढे, चेहरा असा की जणू पुतळ्यासाठी उभे आहेत. मागे पाच घोडे खोळंबलेले. शिकवणाऱ्या मास्तरांनी लगाम ओढला, गूळ दाखवला, शेवटी हात जोडले. साहेब ढिम्म.

मला बोलावणं आलं. मी गेलो, पाहिलं, आणि तुम्ही म्हणायचात तसं हळूच 'झालं' म्हणालो. लगेच हलले. मास्तरांना वाटलं मी मंत्र घातला. पण आगीतून फुफाट्यात, कारण 'झालं' म्हटल्यावर साहेब रिंगणात चालत नाहीत, ते पुढचं पोर घ्यायला थेट फाटकापाशी जाऊन उभे राहतात. सगळी शिकवणी एका फेरीच्या आत संपायला लागली. आईबाप खूश होते, एवढे चांगले फोटो त्यांना कुठे मिळाले नव्हते. बाई खूश नव्हत्या. त्यांनी सवलत काढून घेतली आणि वर खोळंब्याचा आकार लावला. (हाही मी लिहून ठेवला आहे. जेवणाच्या टेबलावर पेपर वाचत बसणाऱ्यांना लावता येईल.)

तेव्हापासून तिसरा प्रकार चालू आहे, 'नुसती जागा'. दर अर्धी खोली. लॉजच्या मागे बाईंचं जे कुरण आहे त्यात साहेब उभे असतात आणि उरलेलं सगळं मी करतो. स्वस्त आहे असं पहिल्या दिवशी वाटलं. पहाटे उठून लीद काढायची, पाणी भरायचं, खरारा करायचा, संध्याकाळी तेच पुन्हा. गिऱ्हाइकं गल्ल्यापाशी आली की एक पाऊल मागे उभी राहून बोलतात. तुमची भाचेसून मला अंघोळीशिवाय स्वयंपाकघरात पाय ठेवू देत नाही. म्हणते, माझ्या माहेरचं माणूस आलं तर उशा मोजता आणि याला मात्र निम्मी गाजरं माझ्या टोपलीतली. ती खोटं बोलत नाही.

तर हे असं आहे. कोणताही प्रकार घ्या, घोडा परवडत नाही. तुमचा निर्णय शहाणपणाचा आहे. काल एक गिऱ्हाईक येऊन गेलं, सज्जन माणूस, स्वतःची मोठी जागा आहे, घोड्यांची जाण आहे. बोलणं बरंच पुढे गेलं आहे. काळजी नसावी. ताईला नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. गिऱ्हाइकाबद्दल वर लिहिलं ते खोटं नाही, पण पुरतं नाही. त्याने घरी दाखवायला फोटो काढला. साहेब उभे राहिले, मान डावीकडे, उजवा पाय पुढे. फोटो काढून त्याने फोन खिशात घातला, आम्ही भाव केला, भाव जुळला, चांगला जुळला, तरी साहेब तसेच उभे. त्याने दोर धरून ओढलं. हलेनात. तो माझ्याकडे बघायला लागला. एक शब्द बोलायचा होता, मामा. माझ्या तोंडून तो काही केल्या फुटेना. 'अडेल आहे हो तुमचा घोडा' असं म्हणून तो निघून गेला. तो गेल्यावरही साहेब माझ्याकडे बघत उभेच होते, आणि मी आत जाऊन उगाच हिशेब करत बसलो.

ता. क. दुसरा. विकायचाच असेल तर तुम्ही स्वतः येऊन 'झालं' म्हणा. मला जमणार नाही. खोली नंबर चार, ताई तुम्हाला घेऊन गेली त्याच दिवसापासून, रिकामी आहे. (भाचेसून रोज विचारते की ती कुणाला का देत नाही. मी ओल आली आहे असं सांगितलंय. ओल नाही.) एक पायरी नाही, आणि खिडकीतून सगळं कुरण दिसतं. मामांसाठी दर असे: पूर्ण सोय पाहिजे तर ताईकडेच राहा. अर्धी सोय, म्हणजे सकाळचा खरारा तुमच्याकडे, खुर्चीत बसून जमेल तेवढा. भाडं नाही.

ता. क. तिसरा. दुसरी उशी गुडघ्याखाली घ्यायला लागेल म्हणून आत्ताच ठेवली आहे. तिचेही पैसे नाहीत. हे कुणाला सांगू नये.