एकेचाळीसावं पान

प्रेंटिसदादा,

कॉलेजातल्या आपल्या बंधुमंडळाच्या रिवाजानं तुला अजून दादाच म्हणतोय. त्या डिसेंबरात तू नव्या मुलांना गोठत्या तळ्यात उभं केलंस. संस्थापकांची सात नावं ओळीनं म्हटल्याशिवाय बाहेर यायचं नाही. ड्वाइट सोर्ली दर खेपेला चौथ्या नावावर अडकायचा. "पहिल्यापासून घे, ढोल्या," तू हसत म्हणायचास. त्याला बाहेर काढलं तेव्हा जीव उरला नव्हता. मंडळाच्या इतिहासात तू 'अपघात' एवढंच लिहिलंस.

यंदा शताब्दीचा इतिहास मी लिहिला. एकेचाळीसाव्या पानावर ती संध्याकाळ आहे, तुझ्या नावासकट. टॉवेल धरून काठावर गप्प उभा राहिलेला म्हणून माझंही नाव आहे. नव्या मुलांनी हे पुस्तक तोंडपाठ करायचं, हा नियम तुझाच.

काल दुपारी तुझा गॅरेट, यंदाच्या नव्या मुलांतला, ते पान म्हणून दाखवायला माझ्यासमोर उभा राहिला. तुझ्या नावापाशी तो थांबला.

"सर, हे माझे बाबा?"

"पहिल्यापासून घे," मी म्हणालो.

हे पत्र मी टाकणार नाही. गुरुवारी थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला तो तुझ्या घरी येतोय. आता त्याला सगळं पाठ आहे.

तुझा धाकटा भाऊ,
लाइल