तापीत सोडलेली फाईल

आई,

वरण कुकरमध्ये आहे, भाकरी टोपल्यात. मी माहेरी देडतलाईला जातेय, सरकारी दवाखान्यातून एक कागद आणायला.

अकरावीत मला टीबी झाला होता. सहा महिने गोळ्या खाऊन पूर्ण बरी झाले. लग्न मोडू नये म्हणून मम्मीने त्या उपचाराची फाईल तापीत सोडली. पण सोमवारी मुंबईत, व्हिसाच्या मुलाखतीआधी मेडिकल आहे. एक्स-रेत जुना डाग दिसणारच, आणि उपचाराचा कागद नसला तर व्हिसा लटकला समजा.

काल अमेरिकेला यांना फोन करून सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "आईला नको सांगू." दोन वर्षं लपवून लपवून थकले मी.

संध्याकाळच्या बसने येते. माझं ताट वेगळं काढायचं असेल, तर माझ्यासमोर काढा.

वैजयंती