एकेचाळिसावं पान

माय,

सगळ्यात आधी आत आली ती पोराची आत्या. चपला काढायच्या आधीच तिनं दाराची चौकट, दिवाणावरची चादर आणि मी, असं तिन्ही नजरेनं तोलून घेतलं. तिच्यामागं पोराची आई, डोक्यावर पदर, आणि सगळ्यात शेवटी पोरगा, मान खाली घालून. पोराचा बाप वारलेला आहे. गंगापूरहून जीपनं आले, आत्याच्या केसांत रस्त्याची धूळ तशीच. तुझ्या पणतीला बघायला आले होते. व्हय, तुला पणती आहे, पंचवीस वर्षांची घोडी. तू गेलीस त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, तुला कोण सांगणार? शहराचं नावसुद्धा बदललं इथं, माझ्या तोंडातून मात्र अजून औरंगाबादच निघतं आणि पोरगी हसती. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. दिवसभर लोकांच्या दंडाला रबर बांधून रक्त काढती, हात तसूभर हलत नाही. आणि जेवणाच्या सुट्टीत वाचती काय, तर प्रेमाच्या कादंबऱ्या. मला पण तीच सवय लावली.

माझी शाळा चौथीपर्यंत, त्यातली अर्धी शेण गोळा करण्यात गेली, हे तुला ठाऊकच आहे. पण मोतीबिंदू काढल्यापासून मला लख्ख दिसतं, आणि पोरीनं आणलेल्या पुस्तकाचा मी दोन दिवसांत फडशा पाडते. आजकालच्या ह्या पुस्तकांबद्दल माझं मत तुला सांगते, कारण घरात कुणी ऐकून घेत नाही. त्यातला पुरुष मोठ्या कंपनीचा मालक असतो. कंपनीत काय बनतं ते कधी सांगत नाहीत. त्याला सतत राग आलेला असतो. हिरोइन दुसऱ्या कुणाशी हसली की तो हातातला काचेचा ग्लास दाबून फोडतो, पांढऱ्या फरशीवर रक्त टपटप पडतं, ती धावत येऊन ओढणी फाडून त्याच्या हाताला बांधती. छान. पण ती फरशी पुसली कुणी? मी तीनदा पानं मागं उलटून बघितली. मागच्या आठवड्यातल्या पुस्तकात चाळिसाव्या पानावर त्यानं तिच्या थोबाडीत मारली आणि बेचाळिसाव्या पानावर ती त्याच्या मिठीत. मी म्हटलं, मधल्या एकेचाळिसाव्यावर काहीतरी असंल. तर त्या पानावर तो मोटार घेऊन घाटात हिंडतो आणि त्याच्या छातीत कळ येती. मार हिनं खाल्ला आणि दुखतंय त्याला! तिचा दात हलला का, गालाला काय लावलं, संध्याकाळचा स्वयंपाक कुणी केला, एक अक्षर नाही. लिहिणारीनं कधी सुजलेल्या गालाला आंबेहळद लावली नसणार.

पोरीला म्हटलं, "ह्याला प्रेम म्हणतीस व्हय गं? ह्याला पोलीस पाहिजेत."

"आजी, ते खोटं असतं म्हणून तर मजा येती. खऱ्यात कुणी मनगट धरलं ना, तर लॅबमधली सगळ्यात जाड सुई घुसवीन. आणि तू गं? शिव्या घालतीस आणि दुसरा भाग पण मागतीस."

ते खरं आहे, माय. वाचवत नाही आणि सोडवत पण नाही. पण त्याच पुस्तकात तो तिचं मनगट पिरगाळतो आणि बांगड्या फुटतात, त्या पानाचा कोपरा पोरीनं दुमडून ठेवलेला मला दिसला. खोटं म्हणून वाचता वाचता ही खऱ्याला भुलली तर? मंडळी बघायला येणार होती आणि मला रोज तुझी चूल आठवत होती.

वेरूळच्या रस्त्याला बापाचं, आपल्या अण्णांचं, चहाचं हॉटेल. लेणी बघायला आलेलं कुणीतरी बाकड्यावर एक पुस्तक विसरून जातं, कव्हर फाटलेलं. तू कपबशा विसळता विसळता ते पदराखाली घालून घरी आणतीस, चूल पेटवायला म्हणून. मी अकरा वर्षांची. तू भाकरी थापतीस, मी शेजारी बसून वाचते, आणि वाचून झालेलं पान फाडून चुलीत घालायचं, ही तुझी पद्धत. मागं काही उरत नाही आणि जाळ पण होतो. कधी तू म्हणायचीस, "ते मगाचं परत वाच गं," तोवर ते जळून गेलेलं असायचं. त्या दिवशी अण्णा लवकर आले. माझ्या हातातलं पान ओढून घेतलं, ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत वाचलं. "हे कुणाचं?" मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "माझं."

"तुला कवापासून वाचता यायलंय?"

"चित्रं बघते."

त्या पुस्तकात एक चित्र नव्हतं, माय. अण्णांनी चुलीपुढची लोखंडी फुकणी उचलली. पहिला तडाखा खांद्यावर, दुसरा कानावर. ओल्या लाकडात कुऱ्हाड बसावी तसा आवाज झाला. तू परातीवर कोसळलीस. पुढचे मी बघितले नाहीत, भिंतीकडं तोंड केलं, पण ऐकले सगळे. अण्णा बाहेर गेल्यावर तू उठलीस आणि सगळ्यात आधी तव्यावरची जळकी भाकरी उतरवलीस. मग परातीतलं रक्त लागलेलं पीठ चिमटीनं वेगळं काढलंस, तेवढंच, आणि बाकीचं पुन्हा मळायला घेतलंस. माझ्या लेखी एकेचाळिसावं पान ते. दुसऱ्या दिवशी मला म्हणालीस, "ह्या अंगाला बस, त्या कानानं ऐकू येईना." आणि लगेच, "पुढं काय झालं गं तिचं?" उरलेली पानं मी गोवऱ्यांच्या ढिगात लपवली होती.

आता माझंही ऐक. तुझा जावई हाताचा मारका नव्हता, तोंडाचा होता, त्याचं सोड. पण माझ्या पोरानं, लग्नाच्या पहिल्याच वर्षी, सुनेच्या कानाखाली वाजवली. मी पोळ्या लाटत होते. मी उठले आणि लाटणं त्याच्या त्याच हातावर हाणलं. एकदा नाही, चारदा. करंगळीचं हाड मोडलं, अजून वाकडी आहे. परत त्यानं कधी हात उचलला नाही. सून ही गोष्ट अजून पाहुण्यांना रंगवून सांगती, आणि मला पण ऐकायला आवडतं. पण तुला खरं सांगते, मारताना मला लई बरं वाटलं. चौथा तडाखा तर गरजेचा नव्हता, नुसत्या बरं वाटण्याचा होता. अण्णांना असंच वाटत असंल का गं? ह्याचं उत्तर कुठल्या कादंबरीत नाही.

तर मंडळी बसली. पोहे झाले, चहा झाला. आत्यानं पोरीला विचारलं, "फावल्या वेळात काय करतीस बाई?"

"कादंबऱ्या वाचते. प्रेमाच्या."

"अगं बया! आमच्यात वाचायला सवड कुणाला?"

सुनेनं माझ्याकडं बघितलं, गप्प बसा म्हणून. मी कशाची गप्प बसते? माझ्या बघण्याच्या वेळी सासऱ्यानं माझ्या हातात पेपर दिला होता, आठवतं? तू मला आत बोलावून कानात सांगितलंस, "अडखळत वाच. घडाघडा वाचलंस तर म्हणतील पोरगी शेफारलेली." मी अडखळत वाचलं आणि पसंत पडले. तेच डोक्यात आलं. मी दुमडल्या कोपऱ्याचं पुस्तक काढलं आणि त्याच पानावर उघडून पोराच्या पुढ्यात धरलं. "वाच बाबा एक पान. आमच्या वेळी पोरींना वाचायला लावायचे. आता तुझी पाळी."

"पोराला?" आत्या म्हणाली. "पोरीला दाखवायला काढलंय का पोराला?"

"दोघांना," मी म्हटलं.

पोरीनं कपाळाला हात लावला, पण उठली नाही. पोरगा वाळूजला कंपनीत यंत्रावर असतो, बोटं काळी, पुस्तक धरायची सवय नाही. वाचत होता अडखळतच, आणि त्याला तसं कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यानं तिचं मनगट पिरगाळलं, वाचलं. बांगड्या फुटल्या, वाचलं. ती शहारली, वाचलं. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते, हसतो का ते. तो थांबला. पान उलटलं, मागं आला, परत उलटलं.

"काय शोधतोस रे?"

"काचा काढल्या का कुणी, ते बघतो," तो म्हणाला. "मनगटात काच राहिली तर पिकती, आजी. आमच्या आईच्या..." त्याच्या आईनं डावा हात पदराखाली घेतला.

आत्या पटकन म्हणाली, "माझा भाऊ तापट होता, पण मनानं सोनं होता."

"आत्याबाई," मी म्हटलं, "तुम्ही पण कादंबऱ्या वाचता वाटतं."

तुझी पणती उठली. लाजणं नाही, पदर नाही, लॅबमध्ये उठती तशी. पोराच्या आईशेजारी बसली, तिचा हात पदराखालून काढून आपल्या मांडीवर घेतला आणि अंगठ्यानं मनगट चाचपलं. "इथं दुखतं?" बाईनं होकाराची मान हलवली. "अजून आत आहे, काकू. बारीक तुकडा आहे. किती वर्षं झाली?" बाई म्हणाली, "हा सातवीत होता. मधे पडला, तवा सुटले." आणि मग ती हसली, कशाला हसली कुणास ठाऊक, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मी पोराला सरळ विचारलं, "तू मारशील का रे?" सून म्हणाली, "आई!" पण मला उत्तर पाहिजे होतं. त्या उत्तरासाठी मी पन्नास पुस्तकं वाचलीत.

पोरानं पुस्तक मिटलं. "मला पण तीच भीती वाटती, आजी," तो म्हणाला. "राग येतो मला. आला की मी घराबाहेर निघतो, पार उसाच्या टोकापर्यंत चालत जातो."

"आणि परत आल्यावर?" हे पोरीनं विचारलं, मी नाही.

"भांडी घासतो."

"आपटत घासतो," त्याची आई डोळे पुसत म्हणाली. "पण घासतो."

माझा पोरगा आपल्या वाकड्या करंगळीकडं बघत होता. आत्या म्हणाली, "झालं, आता भांड्यांवरून लग्नं ठरायची," आणि उठून चपला घालायला लागली. जाताना पोरानं पुस्तक मागून घेतलं, शेवट वाचून बघतो म्हणाला. ते गेल्यावर मी पोरीला दुमडल्या पानाचं विचारलंच. ती म्हणाली, "आजी, त्या पानावर मी पुस्तक मिटलं होतं. खूण म्हणून कोपरा दुमडला. पुढं वाचवेना." आणि मी वेडी आठवडाभर देव पाण्यात घालून बसले होते!

आनंद इतका झालाय की हे लिहायला घेतलं, पोरीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर. टाकायला पत्ता नाही, आणि तुझ्या पद्धतीनं जाळावं तर घरात गॅस आहे, कागद पेटवला की सून ओरडती. म्हणून वहीतच राहील. पण एक गोष्ट तुला सांगायची राहिली. गोवऱ्यांतून काढून शेवटचं पान मी तुला वाचून दाखवलं, तुझ्या चांगल्या कानाच्या अंगाला बसून. मी वाचलं की, त्या पोरीनं दाराला आतून कडी घातली, तो बाहेरून हाका मारत राहिला, आणि तिनं एकटीपुरता चहा ठेवला. तू म्हणालीस, "बरं केलं बाई," आणि पान चुलीत घातलंस. पुस्तकात तसं नव्हतं, माय. पुस्तकात ती परत जाऊन त्याच्या पायांवर डोकं ठेवती. मी मनानं वाचलं.

पोरीच्या लॅबच्या वर एक डॉक्टरीण बसती, तिच्याकडून ती काच काढून घ्यायची ठरलंय. पोरगी सुट्टी काढून सोबत जाणार आहे, आणि तिथून मंडळी पुढचं बोलायला घरी येणार आहेत, आत्या धरून. गुरुवारी येतो म्हणालेत.